मोहबोडीची दुसरी चावी

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. मात्र कोणत्याही दाराला, पेटीला किंवा दुकानाला मी कधी लागलेले नाही. माझे आयुष्य दोन रुळांच्या शेजारी, खडीवर गेले. मी रेल्वेच्या सांध्याचे कुलूप होते. आता एका प्रशिक्षण शाळेतल्या टेबलावर असते. माझे पोट एका बाजूने कापून उघडे केले आहे, त्यामुळे आत काय चालते ते कोणालाही दिसते. लपवण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा सगळे सांगायला हरकत नाही.

रूळ जिथे दोन वाटांना फुटतात, त्या जागेला सांधा म्हणतात. तिथे दोन हलते रूळ असतात. ते एका बाजूला घट्ट बसले की गाडी सरळ जाते, दुसऱ्या बाजूला बसले की वळते. मध्येच राहिले तर गाडी रुळावर राहत नाही. हे हलते रूळ जागच्या जागी धरून ठेवायला माझ्यासारखी कुलपे लागतात.

दूरच्या एका कारखान्यात ओतीव लोखंडातून माझे अंग घडले. पोटातल्या पितळी पट्ट्या एका फिटरने हाताने कानस मारून बसवल्या. त्याचे नाव मला कळले नाही. त्याने माझ्यात चावी चाळीस वेळा फिरवून पाहिली, माझ्यावर ११७ हा आकडा ठोकला आणि तोच आकडा चावीवर ठोकला. आमची जोडी एकच होती. दुसरी चावी करायची नाही, हा नियम माझ्याबरोबरच जन्माला आला.

माझे काम साधे होते. सांधा सरळ वाटेला नीट लागला असेल तरच मी बंद होई आणि बंद झाल्यावरच चावी सोडी. हलत्या रुळाखाली खडा जरी अडकला आणि अर्ध्या बोटाची फट राहिली, तरी मी चावी धरून ठेवी. ती सुटलेली चावी सांधेवाल्याने स्टेशनात न्यायची. तिथे स्टेशनमास्तरांच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती. तिच्यात चावी घालून फिरवली, की मगच सिग्नलचा खटका ओढता येई. म्हणजे सांधा उघडा असताना चावी माझ्या पोटात, पेटी रिकामी आणि सिग्नल लाल. माणूस विसरला, थकला किंवा चुकला, तरी गाडी चुकणार नाही. माझा सारा अभिमान या एका गोष्टीत होता.

मला मोहबोडी स्टेशनात बसवले. चंद्रपूरच्या पुढे जिथे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, संपतात आणि सागाचे जंगल सुरू होते, तिथे हे लहानसे स्टेशन आहे. गडचिरोलीच्या जंगलातून ट्रकने बांबू येत, त्यांचे ढीग लागत आणि ते डब्यांत भरले जात. त्यासाठी मुख्य रुळापासून एक फाटा काढला होता. त्या फाट्याच्या सांध्यावर मी होते. स्टेशन माझ्यापासून एक किलोमीटर दूर होते.

हा एक किलोमीटर लक्षात ठेवा. पुढे जे झाले ते त्याच्यामुळे झाले.

श्रावण नावाचा सांधेवाला मला सांभाळायचा. तिथले लोक सांधेवाल्याला पाइंटमन म्हणत. श्रावण शांत माणूस होता. बांबू भरताना डबे पुढेमागे करावे लागत आणि तसे करताना एखादा डबा सांध्यावरून मुख्य रुळावर काढावा लागे. दर वेळी श्रावणने स्टेशनात जायचे, चावी आणायची, मला उघडायचे, काम झाले की बंद करायचे आणि चावी परत पोचवायची. एका वेळेला चार किलोमीटर होत. मे महिन्यात तिथली खडी अशी तापते की चपलेचा तळ मऊ पडतो. श्रावणचा उजवा गुडघा दुखरा होता.

बांबू भरणाऱ्या मजुरांचा मुकादम नानाजी होता. मी त्याला वाईट म्हणणार नाही. तो मजुरांना वेळेवर जेवायला सोडायचा आणि कोणी आजारी पडले तर स्वतः ट्रकमध्ये घालून दवाखान्यात न्यायचा. पण डबे वेळेत भरून द्यायचा भार त्याच्या डोक्यावर असे. एक दिवस त्याने श्रावणकडून माझी चावी घेतली, साबणाच्या वडीत तिचा ठसा उमटवला आणि चावी पुसून परत दिली. घुग्घुसला खाणीची यंत्रे दुरुस्त करणारा एक लेथवाला त्याच्या ओळखीचा होता. पंधरा दिवसांनी दुसरी चावी आली.

ती माझ्यात शिरली तेव्हा मला वेगळी लागली. तिच्या दात्यांवर कानशीचे ओरखडे होते. पण दात्यांची उंची बरोबर होती, म्हणून मी उघडले. कुलपाला चावी ओळखता येते. माणूस ओळखता येत नाही आणि त्याच्या मनातले तर मुळीच नाही.

त्या दिवसापासून पहिली चावी पेटीत आरामात बसून राही आणि दुसरी चावी मला उघडी. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात डबे इकडचे तिकडे होत. स्टेशनाला पत्ताही लागत नसे. श्रावणच्या गुडघ्याला आराम मिळाला, नानाजीचे डबे वेळेत भरू लागले आणि मोहबोडीत काम अडत नाही म्हणून श्रावणला शाबासकीचे प्रमाणपत्रही मिळाले. अशी सहा वर्षे गेली. काही झाले नाही. मित्रांनो, काही झाले नाही हे वाक्य मी त्या सहा वर्षांत फार वेळा ऐकले.

मग एका हिवाळ्यात श्रावणला हिवताप झाला. तो डोक्यात चढला. नानाजीने त्याला ट्रकमधून चंद्रपूरला नेले, दोन दिवस उशाशी बसला. तिसऱ्या दिवशी श्रावण गेला.

त्याच्या जागी त्याची बायको धुरपताबाई नोकरीला लागली. ती सावली गावाकडची होती, धान लावण्यात आयुष्य गेलेली. प्रशिक्षण घेऊन ती आली तेव्हा सुरुवातीला सांध्याचा दांडा ओढताना तिला दोन्ही हात लावावे लागत. महिनाभरात एका हाताने ओढू लागली. चावी घेऊन ती नेमाने जाई, नेमाने येई. नानाजी काही दिवस गप्प राहिला. मग एका सकाळी माझ्यासमोरच त्याने विषय काढला.

"बाई, श्रावणभाऊजवळ एक चावी राहे. त्याच्या जेवनाच्या डब्याच्या थैलीत पाहा बरं."

"कोनती चावी? चावी तं टेशनात मास्तर मॅडमजवळ राहते."

"ते सरकारी. हे आपली. उगाच एवढी चालून राह्यली तू उन्हात. श्रावणभाऊनं सहा वर्सं वापरली. काही झालं नाई."

धुरपताबाईने दुसऱ्या दिवशी थैली आणली. चावी तिच्या तळाशी होती. चावी हातात धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली. नवऱ्याने केलेली गोष्ट चुकीची असेल असे तिला वाटले नसेल. किंवा वाटले असेल आणि तिने ते वाटू दिले नसेल. शिवाय नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला नाही म्हणणे तिला जमले नाही. तिने चावी माझ्यात घातली.

आता त्या दिवसाकडे येते.

एप्रिल महिना होता. दुपारचे दोन वाजले होते. भरलेले दोन डबे मागच्या बाजूला न्यायचे होते. नेहमीप्रमाणे ते मुख्य रुळावर काढून परत आत ढकलायचे होते. दुपारची पॅसेंजर अडीचला यायची, पण ती रोज अर्धा-पाऊण तास उशिरा येई.

"पॅसेंजर कधी टायमावर आली काय?" नानाजी म्हणाला. "उघड, बाई. दहा मिनिटांचं काम आहे."

धुरपताबाईने मला उघडले. आठ मजूर सब्बल, म्हणजे लोखंडी पहारी, लावून डबे रेटू लागले. त्यांच्यात लालसू होता. हेमलकशाच्या पलीकडच्या एका गावचा, चाळिशीचा, बांबू तोडण्यात आणि मोळ्या बांधण्यात तरबेज. तो फार बोलत नसे. त्याची कुऱ्हाड बांबूच्या ढिगाला टेकवलेली असे.

पहिला डबा सांध्यावरून गेला. दुसरा अर्धा गेला आणि अडला. त्याचा ब्रेक चाकाला घट्ट चिकटला होता. डबा ना पुढे जाई ना मागे. मजूर ब्रेकवर सब्बल मारत राहिले.

माझ्यापासून हातभर अंतरावरून सिग्नलची तार जायची. लहान लहान चाकांवरून ती स्टेशनापासून थेट सिग्नलच्या खांबापर्यंत गेलेली होती. ती तार करकरली आणि ताणली गेली. वळणापलीकडे झाडांच्या वर सिग्नलचा हात दिसत असे. तो हात खाली झुकला. स्टेशनमास्तर माधवीबाईंनी पॅसेंजरला आत यायची परवानगी दिली होती. त्यांच्या पेटीत पहिली चावी होती, म्हणून खटका सहज ओढला गेला. नियमाप्रमाणे त्यांचे काहीच चुकले नव्हते. गाडी त्या दिवशी वेळेवर होती.

धुरपताबाईने आधी सिग्नलकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझ्या पोटात चावी होती. सांधा उघडा असल्यामुळे मी ती सोडत नव्हते. माझा नियम मी पाळत होते, पण त्या नियमाला आता काही अर्थ उरला नव्हता.

तिथे मोबाइलला रेंज नव्हती. स्टेशन एक किलोमीटरवर. तिने लाल झेंडी एका मजुराच्या हातात दिली आणि त्याला वळणाकडे पळवले. पण वळणावर सागाची दाट झाडी होती आणि अलीकडे बांबूचे ढीग. झेंडी दिसेपर्यंत गाडी थांबवायला वाव राहणार नव्हता, हे तिला कळत होते. दूरवर इंजिनाची शिट्टी ऐकू आली.

तेव्हा तिला प्रशिक्षणातली एक गोष्ट आठवली. सिग्नलचा हात तारेच्या ओढीने खाली राहतो. तार तुटली, तर खांबावरच्या वजनाने तो आपोआप वर जातो. म्हणजे लाल होतो.

"लालसूभाऊ, कुऱ्हाड आन," ती म्हणाली. "हे तार तोड."

लालसू कुऱ्हाड घेऊन आला आणि थांबला. "सरकारी तार आहे, बाई."

"मी सांगून राह्यली ना. तोड."

त्याने तारेखाली सब्बल सरकवली आणि घाव घातला. पहिल्या घावाला ठिणगी उडाली. दुसऱ्या घावाला तारेचे काही पदर उलगडले. तिसऱ्याला ती तुटली आणि दोन्ही टोके सापासारखी खडीवरून सरपटत गेली. झाडांच्या वरचा सिग्नलचा हात उठला आणि आडवा झाला. मग ब्रेकचा लांबलचक आवाज आला.

गाडी सिग्नलजवळ, वळणाच्या पलीकडे थांबली. चालकाला ना झेंडी दिसली, ना डबे. गाडीत लग्नाचे वऱ्हाड होते, असे नंतर कळले. गाडी का थांबली म्हणून त्यांनी खिडकीतून पाहिले आणि परत पत्ते खेळायला घेतले.

दहा मिनिटांत ब्रेक सुटला. डबे फाट्यावर आले. धुरपताबाईने सांधा सरळ लावला, मला बंद केले आणि दुसरी चावी काढून कमरेला खोचली. स्टेशनातून माधवीबाई चालत आल्या तेव्हा सारे जागच्या जागी होते. फक्त तार तुटलेली होती.

त्या यायच्या आधी नानाजी धुरपताबाईजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला होता, "ते चावी बोडीच्या पान्यात फेकून दे. तार कोनं तोडली, काऊन तोडली, आपल्याले मालूम नाई. गाडी वाचली, संपलं."

धुरपताबाईने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. माधवीबाईंनी विचारले तेव्हा ती खाली पाहत राहिली.

तारेवर कुऱ्हाडीचे घाव स्पष्ट होते. आमच्या भागात जंगलातला माणूस, त्याच्या हातात कुऱ्हाड आणि तोडलेली सरकारी तार, एवढे तीन एकत्र आले की लोक चौथे काही विचारत नाहीत. संध्याकाळी पोलीस लालसूला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांध्यावरून काढले आणि स्टेशनात माधवीबाईंच्या टेबलावर ठेवले. म्हणून पुढचे मी स्वतः पाहिले. चौकशीला एक साहेब आले होते. लालसू भिंतीशी खाली बसला होता, शेजारी एक शिपाई उभा होता. नानाजी दारात उभा होता. धुरपताबाई कोपऱ्यात होती.

साहेबांनी पेटीतली चावी घेऊन माझ्यात फिरवली. मी उघडले. परत फिरवली. मी बंद झाले. माझी प्रत्येक पट्टी नीट चालत होती.

"कुलूप ठीक आहे," साहेब म्हणाले. "चावी पेटीत होती, म्हणजे सांधा बंद होता. म्हणजे गाडीला काहीच धोका नव्हता. मग तार का तोडली?"

माझे बरोबर असणे लालसूच्या विरोधात गेले.

"डबे पटरीवर होते," लालसू म्हणाला. "बाईनं सांगतलं."

साहेबांनी नानाजीकडे पाहिले. "डबे आतच होते, साहेब," नानाजी म्हणाला. बाहेर उभ्या असलेल्या मजुरांपैकी कोणी मान वर केली नाही.

साहेब लिहू लागले. धुरपताबाई कोपऱ्यातून टेबलापर्यंत आली. नानाजी दारातूनच पुटपुटला, "बाई, श्रावणभाऊचं नाव जाईल. मेलेल्या मानसाचं नाव."

ती त्याच्याकडे वळली. "त्याचं नाव राहावं म्हनून याले आत बसवू काय, नानाजीभाऊ?"

तिने कमरेची चावी काढून माझ्या शेजारी ठेवली.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारले.

"माह्या नवऱ्याची. मंग माही. पाइंट खुला होता, साहेब. दोन डबे पटरीवर उभे होते. तार मीच तोडाले लावली. हा मानूस नाई म्हनत होता."

माधवीबाईंनी ती चावी उचलली आणि माझ्यात घातली. मी उघडले. पहिली चावी त्यांच्या डाव्या हातात होती. चावी पेटीत आणि सांधा उघडा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, हे त्या खोलीत पहिल्यांदाच दिसले. आदल्या दिवशी आपण उघड्या सांध्यावर गाडी घेतली असती, हे माधवीबाईंच्या लक्षात आले असावे.

"तुमची नोकरी जाऊ शकते, हे माहीत आहे ना?" साहेब म्हणाले.

"मालूम आहे," धुरपताबाई म्हणाली.

लालसूला त्या संध्याकाळी सोडले. तो निघताना धुरपताबाई फलाटावर उभी होती. "एक रात अगोदर सांगाले पायजे होतं, भाऊ," ती त्याला म्हणाली. लालसूने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की राहू दे म्हणून, ते मला खिडकीतून कळले नाही. त्याची कुऱ्हाड पुरावा म्हणून ठेवून घेतली होती. ती त्याला चार महिन्यांनी परत मिळाली.

नानाजीला ठेकेदाराने कामावरून काढले. धुरपताबाई आठ महिने निलंबित राहिली, मग खालच्या जागेवर फाटकाच्या कामाला लागली आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा सांधेवाली झाली. मोहबोडीला नव्या घडणीचे कुलूप आले. त्याची चावी साबणाच्या वडीत उमटत नाही म्हणतात.

मला प्रशिक्षण शाळेत पाठवले. माझे पोट कापले. पहिली दोन वर्षे माझी फार वाहवा झाली, लोक मला पाहायला येत. मग नवी विजेची यंत्रे आली. सांधे आता दूरच्या खोलीतल्या पडद्यावरून हलतात. माझ्यावर हजेरीचे वही-कागद ठेवू लागले, कधी चहाचा पेला. पट्ट्यांवर गंज चढला. तक्रार नाही. कुलपाचे काम संपले की ते लोखंडच असते.

मागच्या वर्षी उजळणीच्या वर्गाला तीसेक कर्मचारी आले होते. तरुण शिक्षकाने मला उचलून दाखवले आणि मोहबोडीची गोष्ट सांगितली. एका मुकादमाने खोटी चावी बनवली होती, एका जागरूक महिला कर्मचाऱ्याच्या ते लक्षात आले आणि तिने प्रसंगावधान राखून शेकडो प्रवाशांचे प्राण वाचवले, असे त्याने सांगितले. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या बाकावरून एक पिकल्या केसांची बाई उठली.

"सर, थोडं चुकून राह्यलं," ती म्हणाली. "खोटी चावी त्या बाईजवळच होती. एकोनीस वेळा वापरली तिनं. ते विसावी वेळ होती. आनं तार तोडनारा लालसू होता. त्याचं नाव सांगत जा."

"तुम्हाला कसं माहीत?" शिक्षकाने विचारले.

"ते बाई मीच आहो."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिक्षकाने आपली वही उघडली आणि लिहून घेतले. त्या दिवसापासून तो गोष्ट तशीच सांगतो. जेवणाच्या सुट्टीत धुरपताबाई माझ्याजवळ आली. माझ्यावरचा पेला तिने बाजूला ठेवला, कापलेल्या पोटात बोट घालून एक पट्टी हलवून पाहिली आणि हाताला लागलेला गंज लुगड्याला पुसला.

मित्रांनो, कुलूप कितीही पक्के असले तरी ते माणसाच्या सचोटीपेक्षा पक्के नसते. नियम पाळताना तुम्हालाही कधी एक किलोमीटर उन्हात चालावे लागेल. तेव्हा दुसरी चावी बनवून देणारा कोणीतरी भला माणूस भेटेल आणि काही होत नाही असे सांगेल. त्याची चावी घेऊ नका. आणि घेतली असेल, तर ती टेबलावर ठेवायला एक रात्रसुद्धा थांबू नका. त्या रात्री दुसराच कोणीतरी तुमच्या जागी भिंतीशी बसलेला असतो.